इम्युनोथेरपी: आधी, सोबत की नंतर?

जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र या भागांतल्या कर्करोगांना डॉक्टर एकत्र ‘हेड अँड नेक’ म्हणतात. आपल्याकडे त्यात तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कर्करोगच जास्त दिसतो. अमेरिका-युरोपात घशाच्या कर्करोगांमागे एचपीव्ही या विषाणूचा मोठा हात असतो. या कर्करोगांत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा जागवणारी औषधे, शस्त्रक्रिया-रेडिएशनच्या आधी, सोबत की नंतर द्यावी, हा इथला प्रश्न. पुढचे आकडे वाचताना वरचा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

गाठ मोठी झाली आहे, पण रोग शरीरात इतरत्र गेलेला नाही, अशा रुग्णाचे उपचार बरीच वर्षे ठरलेले होते. एक तर शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन, नाहीतर थेट रेडिएशनच, जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका जास्त असेल तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन द्यावे, हे २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्यांनी पक्के केले. औषध जुने आणि स्वस्त, पण मूत्रपिंड, कान आणि पोट तिन्हींना छळणारे. पुढची वीसेक वर्षे या चौकटीत फारसे काही हलले नाही.

दरम्यान दुसरीकडे वेगळेच काही घडत होते. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन शोधले. ते प्रतिकारयंत्रणेतल्या लढाऊ टी-पेशींना आवर घालते, आणि गाठ नेमका याचाच फायदा घेऊन लपते. हा आवर काढणारी औषधे आली आणि होंजो यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत २०१८ चे नोबेल मिळाले. त्याआधीच, २०१६ मध्ये, ३६१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. सिस्प्लॅटिननंतरही रोग उलटलेल्यांपैकी निवोलुमॅब हे असेच आवर काढणारे औषध घेणारे ३६ टक्के रुग्ण वर्षभर जगले. नेहमीची औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १६.६ टक्के होते.

मग साहजिकच वाटले, हे औषध बरे होऊ शकणाऱ्या रुग्णालाच का देऊ नये? रेडिएशनने गाठीतल्या पेशी मरतात, त्यांचे तुकडे प्रतिकारयंत्रणेला दिसतात, म्हणजे दोन्ही एकदम दिले तर फायदा होणारच. कागदावर तर्क चोख होता. पण केमो-रेडिएशनला याच गटातल्या अ‍ॅव्हेलुमॅबची जोड देणाऱ्या ६९७ रुग्णांच्या चाचणीत फायद्याची आशाच उरली नाही, म्हणून ती २०२० मध्ये थांबवावी लागली. त्याच गटातल्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या ८०४ रुग्णांच्या चाचणीने २०२२ मध्ये थोडा कल दाखवला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही.

असे का झाले? एक स्पष्टीकरण बऱ्याच जणांना पटते. ज्या टी-पेशींना जागे करायचे, त्या मानेतल्या लसीका ग्रंथींत लढायला सज्ज होतात आणि आपण त्याच ग्रंथींवर सहा-सात आठवडे किरणांचा मारा करतो. हा अंदाजच आहे, पण पुढच्या चाचणीच्या निकालाशी तो जुळतो.

त्या चाचणीत ७१४ रुग्ण होते. पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस शस्त्रक्रियेच्या आधी, म्हणजे गाठ आणि ग्रंथी शाबूत असताना दिले. उरलेले नंतर, रेडिएशनसोबत आणि त्यापुढे. तीन वर्षांनी रोग न बळावता किंवा न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या ४६.४ वरून ५७.६ टक्क्यांवर गेले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने, गाठीत पीडी-एल१ (पीडी-१ चा आवर चालू करणारे प्रथिन) सापडणाऱ्या रुग्णांसाठी, या पद्धतीला मान्यता दिली. एकूण आयुष्य वाढते का, याचे ठाम उत्तर मात्र त्या निष्कर्षांत नव्हते. शिवाय फ्रान्समधून सुरू झालेल्या ६८० रुग्णांच्या चाचणीने ‘आधीच द्या’ या सरळ निष्कर्षात खोडा घातला. तिथे निवोलुमॅब शस्त्रक्रियेनंतरच दिले, एक डोस रेडिएशनच्या तोंडावर आणि बाकीचे त्यासोबत व पुढे, तरीही तीन वर्षे रोगमुक्त राहणारे ५२.५ वरून ६३.१ टक्क्यांवर गेले. म्हणजे नुसत्या क्रमाने सगळे उलगडत नाही. गाठ आधी काढून टाकल्यानेही फरक पडत असावा.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने प्रश्नच वेगळा विचारला: किती? रोग उलटलेल्या किंवा पुढे गेलेल्या, बरे होण्याची आशा नसलेल्या १५१ रुग्णांना तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधे दिली आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांना सोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. एरवी दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या तीन औषधांच्या १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. पूर्ण डोसचा खर्च झेपणारी कुटुंबे आपल्याकडे किती, हे पाहता हा आकडा मला परदेशातल्या सगळ्या मान्यतांपेक्षा मोलाचा वाटतो. पण ही चाचणी बरे होऊ शकणाऱ्यांवर नव्हती. शस्त्रक्रियेआधी पूर्ण डोसऐवजी इतक्या कमी डोसने भागेल का, हे तिच्यावरून सांगता येत नाही.