डिपॉझिट मागितलं म्हणजे कंपनी खरी? अजिबात नाही

'घरबसल्या टायपिंग, महिना 25,000' अशी ऑनलाइन जाहिरात दिसली की कोणीतरी सांगतंच, अरे रजिस्ट्रेशनचे पैसे मागतायत म्हणजे कंपनी खरी असणार. उलटं आहे हो! नोकरी देणारा पगार देतो, घेत नाही. आधी 500, मग लॅपटॉपचं डिपॉझिट, मग 'जीएसटी भरा, सगळं रिफंड होईल' आणि मग नंबर बंद. क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हटलं तर थांबाच, पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो. परदेशी नोकरीचं जरा वेगळं, तिथे सरकारकडे नोंदलेला एजंट फी घेऊ शकतो, पण जास्तीत जास्त 30,000 अधिक जीएसटी, तेही पावती देऊन. गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.