लाल चेंडू कुत्र्याला का सापडत नाही?

हिरवळीवर लाल चेंडू फेका. तो घरंगळत असतो तोवर कुत्रा अचूक त्याच्यामागे धावतो. चेंडू थांबला की मात्र हातभर अंतरावरून पुढे निघून जातो आणि मग जमिनीला नाक लावून शोधू लागतो. कुत्र्याच्या नजरेची सगळी गोम या एवढ्याशा खेळात आहे.

कुत्र्यांना जग कृष्णधवल दिसतं, हा समज अजून टिकून आहे. दृष्टीचे अभ्यासक जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच तो प्रयोगांनी खोडून काढला होता. रंग टिपणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन. एक प्रकार सुमारे ४२९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला. म्हणून निळा आणि पिवळा कुत्र्याला सहज वेगळे ओळखता येतात. लाल आणि हिरवा मात्र मळकट पिवळ्या छटांमध्ये मिसळून जातात. ही काही त्याची खास उणीव नव्हे. बहुतेक सस्तन प्राणी दोनच प्रकारांवर भागवतात. आपण आणि काही माकडं हे त्याला अपवाद. (लालभडक खेळणी बहुधा पैसे मोजणाऱ्याच्या डोळ्यांसाठी बनवलेली असावीत. कुत्र्यासाठी निळा चेंडू घ्यावा.)

कुत्र्याचा डोळा खरा खुलतो तो तिन्हीसांजेला. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी त्यात भरपूर असतात आणि दृष्टिपटलामागे एक चकचकीत थर असतो. निसटलेला प्रकाश या थरावरून परततो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. रात्री गाडीच्या दिव्यात कुत्र्याचे डोळे चमकतात ते यामुळेच. पण परतताना प्रकाश थोडा विखुरतो, त्यामुळे बारकावे पुसट होतात. आपल्याला ७५ फुटांवरून स्पष्ट दिसणारी वस्तू नीट पाहायला कुत्र्याला साधारण २० फुटांपर्यंत जवळ यावं लागतं. हालचाल टिपण्यात मात्र तो तरबेज असतो. जुन्या टीव्हीचं चित्र आपल्याला सलग वाटायचं, कुत्र्याला बहुधा ते लुकलुकताना दिसत असणार.

आणि ते जमिनीला लागलेलं नाक? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय तपासले, तेव्हा गंधाच्या केंद्रापासून थेट दृष्टीच्या भागापर्यंत जाणारा चेतातंतूंचा जुडगा त्यांना आढळला. दृष्टी गेलेले कुत्रेही घरात बऱ्यापैकी सराईतपणे वावरतात, त्यामागे हीच जोडणी असू शकते, असं या संशोधकांना वाटतं.