उदबत्तीचा धूर आणि सहा फूट

२०२० साली, करोनाच्या साथीत, इंदूरला आमच्या रामबागेतल्या किराणा दुकानापुढे चुन्याचे गोल आखले होते. एकेका गोलात पिशवी धरून एकेक जण उभा. 'दो गज की दूरी', म्हणजे सहा फुटांचं अंतर, सगळ्यांना पाठ झालं होतं. पण तीच माणसं घरी आली की खिडक्या लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत एका खोलीत तासन् तास गप्पा मारत बसायची, फक्त खुर्च्या लांब लांब ठेवून. माझा जीव तिथेच खालीवर व्हायचा.

सहा फुटांमागे गणित आहे ते मोठ्या थेंबांचं. बोलताना, खोकताना तोंडातून तुषार उडतात. १०० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. त्याच्यापासून अंतर वाचवतं. पण ५ मायक्रॉनच्या कणाला तोंडाच्या उंचीवरून खाली यायला अगदी स्थिर हवेतही अर्धा तास लागतो, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. लहान थेंब वाटेतच सुकतात नि तरंगत राहतात, हे अमेरिकेतल्या विल्यम वेल्स यांनी १९३४ सालीच मांडलं होतं. करोनाच्या पहिल्या वर्षात आपण सगळे हात धुण्यात नि पिशव्या पुसण्यात गुंतलो आणि हवेचा विचार मागे पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

देवघरात उदबत्ती लावून पाहा. तिच्या जवळ धूर दाट असतो, म्हणून लांब बसण्यात अर्थ आहेच. पण दारं-खिडक्या बंद असतील तर थोड्याच वेळात वास खोलीभर होतो. मग सहा फुटांवर बसा नाहीतर दहा, फारसा फरक पडत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, धूर रेघ धरून बाहेर निघतो. श्वासातले बारीक कणही असेच वागतात. म्हणून अंतरासोबत दोन प्रश्न विचारायचे: हवा खेळती आहे का, आणि आपण किती वेळ बसणार आहोत?

तिसरा प्रश्न आवाजाचा. मोठ्यानं बोललं, गायलं की कण कितीतरी जास्त बाहेर पडतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर ६१ जण, त्यांत एक आजारी. त्यांच्यातले ५३ जण करोनाबाधित किंवा संभाव्य बाधित ठरले, दोघे दगावले.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमची आरतीच आली. बंद खोली, झांजा, टाळ्या, वीस माणसांचा खडा आवाज. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. मी आजीला म्हटलं, यंदा आरती हळू म्हणू. ती म्हणाली, "आरती काय मनातल्या मनात म्हणायची असते का रे?"

मग गणपती ओसरीवर बसवला. आजी मास्क लावून ओसरीच्या कडेला, एकटी. बाकी आम्ही घरचेच सहा जण अंगणात, हातभर नव्हे, चांगले दोन-दोन हात सोडून. वरून पावसाची भुरभुर होती, आणि 'घालीन लोटांगण' शेजारच्या गच्चीवरूनही ऐकू येत होतं.