पॉलिशला आणायचं पितळी भांडं भिजत घालू नका

नमस्कार. हे पत्रक पावतीबरोबर देतोय, कारण तेच ते दिवसातून आठ वेळा सांगून घसा बसतो, आणि आम्ही सांगेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

"तुम्हाला घासायला कमी पडावं म्हणून रात्रभर अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवलं होतं." हे वाक्य कानावर आलं की आमचा कारागीर माझ्याकडे बघतो आणि मी पंख्याकडे. हेतू चांगला असतो, पण त्या एका रात्रीमुळे अर्ध्या तासाचं काम तीन तासांवर जातं. ते तीन तास पुढे बिलात दिसतात आणि मग तुम्ही पंख्याकडे बघता.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पत्र्याच्या घागरी-तांब्यांमध्ये साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असतं. ओतीव समया, घंटा, देव यांत जस्ताचं प्रमाण बहुधा याहून जास्त. आम्लाच्या पाण्यात पितळ जास्त वेळ राहिलं की जस्त आधी सुटतं आणि वरच्या थरात नुसतं तांबं उरतं. भांडं गुलाबी दिसायला लागतं. हा गुलाबी रंग म्हणजे वरून चढलेला मळ नव्हे, आतून काहीतरी निघून गेल्याची खूण आहे. भिंगाखाली तो भाग ब्रेडसारखा सच्छिद्र दिसतो. थर पातळ असेल तर पॉलिशच्या फडक्यानं दहा-बारा हात मारल्यावर पिवळं पितळ वर येतं. तसं आलं नाही तर पुढे घासत बसू नका, तसंच घेऊन या.

मागच्या पावसाळ्यात एका काकूंनी सासूबाईंच्या समयांची जोडी आणली. एक समई जशी माळ्यावरून काढली तशीच होती, काळीकुट्ट. दुसरी त्यांनी संडास साफ करायच्या अ‍ॅसिडात रात्रभर उभी केली होती. काळी समई दुपारपर्यंत झळकायला लागली. गुलाबी समईच्या बैठकीवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली होती. खराब थर काढायचा तर बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, दाबून मारावा लागणार, आणि बफ दाबून मारला की ठिपके बुजणार. शेवटी अक्षरांभोवती बोटानं, काडीला कापूस गुंडाळून काम केलं. नाव वाचलं, पण कडेला गुलाबी झाक राहिली ती राहिलीच. जोडी देवापुढे लावली की कुठली समई कुठली ते अजून ओळखू येतं.

आता खरी गोम. समई काळी दिसते ती डागांनी नव्हे, जळक्या तेलानं. वर्षानुवर्षं तेल सांडतं, वातीच्या उष्णतेनं आटतं, त्यावर काजळी बसते आणि त्याचं किटण होतं. ते जवळजवळ वॉर्निशसारखं घट्ट असतं. आम्ल या किटणाला काहीही करत नाही. चिंच चोळा, लिंबू चोळा, काही चोळा, किटण ढिम्म हलत नाही. मात्र जिथे किटण नाही तिथलं उघडं पितळ आम्लाला सापडतं आणि खरवडलं जातं. म्हणून समई बाहेर काढल्यावर काही ठिकाणी काळी, काही ठिकाणी गुलाबी, मधेच पिवळी, अशी माकडाच्या तोंडासारखी दिसते. मग "अजून थोडा वेळ ठेवू या" म्हणून ती परत पाण्यात जाते.

म्हणून आधी तेल, मग डाग. घरी करायचंच असेल तर समईचे सगळे आटे सोडवा आणि भाग वेगळे करा. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घाला, हातमोजे घाला, भाग अर्धा तास बुडवून ठेवा. नंतर जुन्या टूथब्रशनं, लाकडी काडीनं खाचा काढा. चाकू नको, तारेची घासणी तर नकोच. हे दोनदा करावं लागलं तरी कंटाळू नका. तेल गेलं की नाही ते पाणी सांगतं. भांडं नळाखाली धरा. पाणी थेंबाथेंबानं जमून पळत असेल तर तेल अजून आहे. एकसारखी ओली चादर पसरली तर तेल गेलं.

यानंतर डागांसाठी लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात पांढऱ्या खड्यांच्या पुडीत मिळतं ते. कोमट पाण्याच्या लिटरला एक लहान चमचा पुरे. वेळ पाच मिनिटं, फार तर दहा. समोर उभं राहून बघा. मालिका लावायला जाऊ नका. पिवळा रंग उघडला की बाहेर काढा, वाहत्या पाण्यात धुवा, चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यातून काढा, परत धुवा आणि लगेच कोरडं करा. आट्यांत पाणी राहतं, तिथे पुढच्या महिन्यात हिरवा कळंक येतो. पुसून उन्हात ठेवा, उलटं करून ठेवा.

चिंच आणि मीठ आजीही वापरायची, मग ते कसं चालायचं, असं विचारतात. चालायचंच. आजी चिंच लावून दोन मिनिटांत घासायची आणि भांडं विहिरीच्या पाण्यानं भरपूर धुवायची. चिंच लावून तिनं कधी झोप काढली नाही. मिठाचा अंश खाचेत राहिला तर कळंक लवकर येतो, म्हणून आमचा आग्रह लिंबूसत्त्वाचा.

आणखी एक गंमत. वापरलेलं लिंबूसत्त्वाचं पाणी निळसर-हिरवं होतं, कारण त्यात तांबं उतरलेलं असतं. त्या पाण्यात लोखंडी खिळा किंवा तारेची घासणी पडली की पाण्यातलं तांबं त्यावर येऊन बसतं, आणि शेजारच्या पितळेवरही तांबूस डाग उमटतात. ते पाणी जपून ठेवायची वस्तू नाही, पुढच्या भांड्याला नवं करा. लिंबूसत्त्वाची पुडी काही सोन्याच्या भावानं मिळत नाही.

आता बाटलीतल्या पॉलिशबद्दल. बाजारातल्या काही द्रव पॉलिशमध्ये अमोनिया असतो. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबतो तोच. फडक्यानं लावून, चमक आणून, लगेच पुसून-धुऊन टाकलंत तर फारसं बिघडत नाही. पण नक्षीच्या खाचांत, दुमडलेल्या काठात तो पांढरा लगदा वाळत ठेवू नका. याचं कारण जरा लांबून सांगतो.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असायची. पावसाळा संपेपर्यंत त्यांतल्या पितळी पुंगळ्यांना आपोआप चिरा जायच्या. ना कुणी आपटलं, ना झाडलं. मोसमात पडणारी चीर म्हणून इंग्रजीत त्या प्रकाराला मोसमाचंच नाव पडलं. उलगडा १९२१ साली झाला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून केलेल्या पत्र्यात दबून राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळ चिरतं. पुंगळी बेताची तापवून तो ताण घालवला की चिरण्याचा धोका जातो. आजही अमेरिकेत झाडलेल्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरणारे नेमबाज सहसा अमोनियाच्या पॉलिशला हात लावत नाहीत, ते यामुळेच.

आमच्याकडे काडतुसं येत नाहीत, घागरी येतात. पण घागर, कळशी, तांब्याही पत्रा ओढून, ठोकूनच होतात, आणि पितळही जवळपास तेच. गोठ्यात वर्षानुवर्षं पडलेली घागर कुणी हौसेनं आणते आणि गळ्यापाशी उभी चीर निघते, तेव्हा मला तो तबेला आठवतो. अशी चीर डाख देऊन (झाळून) बुजवता येते, पण पाणी भरायला घागर परत भरवशाची होत नाही. तीत छत्र्या ठेवा किंवा निशिगंध लावा.

इथे चाणाक्ष गिऱ्हाईक मला पकडतं: "मग कल्हईला तुम्ही नवसागर टाकता, तोही अमोनियाच ना?" बरोबर. नवसागराशिवाय कथील पितळेला धरत नाही. कथील वितळतं २३२ अंशांना. भांडं तेवढं तापतं, नवसागराचा पांढरा धूर उठतो, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरतं आणि भांडं लगेच पाण्यात जातं. नवसागर भांड्यावर मुक्कामाला राहत नाही. रस्त्यावर घाईत केलेली कल्हई नीट न धुता हातात दिली तर मात्र भांडं घरी नेऊन स्वतः धुवा. आणि कल्हईच्या भांड्याची आतली बाजू लिंबूसत्त्व, पावडर, काथ्या यांपासून लांब ठेवा. चकचकीत करायच्या नादात कथील निघून जातं आणि आमटी कळकते. त्यानंतर लोक कल्हईला दोष देतात.

आमच्याकडे काम कसं होतं तेही थोडक्यात. मोठी भांडी हातानं आणि बफवर. घुंगरू, कडी-कोयंडे, कपाटाच्या मुठी, पाळण्याच्या कड्या, लहान घंटा अशा बारीक वस्तू यंत्राच्या टोपात जातात. टोपात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडांचा भरडा आणि थोडं पॉलिश. टोप तासन्‌तास थरथरत राहतो आणि वस्तू भरड्यात लोळून लोळून साफ होतात. फार मळलेल्या वस्तू आधी पाण्याच्या पिंपात स्टीलच्या बारीक काड्यांबरोबर फिरवतो, त्या काड्या खाचेत जातात. वर सांगितलेले नेमबाज पुंगळ्यांसाठी हीच यंत्रं वापरतात. पन्नास मुठी एकेक करून बफवर मारण्यापेक्षा हे तुम्हाला बरंच स्वस्त पडतं, म्हणून बारीक वस्तू साठवून एकदम आणा. यंत्र दहा मुठींना चालतं तेवढंच पन्नासांना चालतं.

एक खुलासा. फौजेतल्या घरांतून तोफेच्या गोळ्याची पितळी पुंगळी फुलदाणी म्हणून येते. ती पूर्ण रिकामी आहे आणि बुडातली बार पेटवणारी टोपी काढलेली आहे हे दिसल्याशिवाय आम्ही तिला हात लावत नाही. बंदुकीची काडतुसं, भरलेली असोत की रिकामी, कुणाचीही घेत नाही. रागावू नका.

"आरशासारखं करा" असं सगळेच म्हणतात. आम्ही प्रत्येक वेळी विचारतो, ते काम टाळायला नव्हे. मठारकामाच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठसे हेच त्याचं रूप. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत एकेक ठसा मोजून मारलेला असतो आणि बफ तो पाच मिनिटांत सपाट करतो. अशी भांडी आम्ही हातानंच उजळतो. वेळ जास्त लागतो, दरही जास्त आहे. बाहेर कमी दरात होईल, हे मान्य आहे. देवांच्या मूर्तींचं तेच. बाळकृष्णाचं नाक एकदा झिजलं की परत येत नाही. घरात दर आठवड्याला रांगोळीनं घासून अर्धं गेलेलं असतंच, उरलेलं आम्ही घालवू इच्छित नाही.

घरी आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता पितळेचा मुलामा. अशा वस्तूला पॉलिश म्हणजे मुलामा पुसणं.

चमक टिकावी म्हणून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा, हात देतो. शोभेच्या वस्तू, गौरींचे मुखवटे, दारावरच्या पाट्या यांना तो जरूर घ्या, वर्षभर घासायला लागत नाही. लॅकर दिलेल्या वस्तूला पावडर किंवा लिंबू लावायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, बस. समईच्या वरच्या ताटलीला आणि स्वयंपाकाच्या भांड्याला आम्ही लॅकर देत नाही, मागितलंत तरी. वातीपाशी तो करपतो.

तर आणताना काय करायचं? काहीच नाही. आतलं तेल ओतून टाका, कागदात गुंडाळा आणि जसं आहे तसं आणा. आम्हाला काळं भांडं चालतं, आवडतंसुद्धा. गणपतीआधी आठ दिवस आणि दिवाळीआधी पंधरा दिवस द्या. गौरी आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी मुखवटे आणून "उद्या सकाळी हवेत" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणत नाही, पण ते काम आम्हाला शोभेल असं होत नाही. श्रावणात गर्दी नसते, तेव्हा आणलंत तर हात निवांत चालतो.

आणि समई आणताना सगळे भाग मोजून आणा, नेताना मोजून न्या: बैठक, दांडा, ताटली, वरचा मोर. मोराचे आटे प्रत्येक समईचे वेगळे, दुसऱ्याचा बसत नाही. आत्ता आमच्या काउंटरमागच्या खिळ्याला तीन मोर टांगलेले आहेत, तिन्ही झळाळते. ज्यांचे असतील त्यांनी समईचा दांडा बरोबर आणावा, बसवून देतो. त्याचे पैसे नाहीत.