वॅलग्रिंड आणि अनोळखी आयऑक्टल : पार्श्वभूमी

अंधेरीच्या एमआयडीसीत मोजमापाच्या कार्डांसाठी लिनक्सवर प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या गटात नवा आलेला प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो : कार्डाकडून आलेले आकडे बरोबर असताना वॅलग्रिंड हे मेमरीच्या वापरातल्या चुका शोधणारे साधन ते आकडे ठेवलेल्या बफरला, म्हणजे मेमरीच्या तुकड्याला, 'इनिशियलाइझ न केलेला' (आत काहीच न भरलेला) का म्हणते? त्याचे मूळ १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आहे.

त्या आवृत्तीतल्या आयऑक्टल (ioctl) या सिस्टिम कॉलने, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागण्याच्या एका मार्गाने, टर्मिनलपुरत्या दोन जुन्या कॉलची जागा घेतली आणि वाचणे-लिहिणे यांत न बसणारे उपकरणांचे प्रत्येक काम त्याच्या पदरात पडले. आज्ञेच्या क्रमांकासोबत दिलेल्या मेमरीतल्या पत्त्यावर काय आहे, हे फक्त ड्रायव्हरच (ते उपकरण चालवणारा सिस्टिमचा भाग) जाणतो. लिनक्सने पुढे आज्ञेच्या ३२ बिटांच्या क्रमांकातच माहिती गुंफली. एक्स८६ प्रोसेसरांवर त्यातले २ बिट दिशेचे (माहिती ड्रायव्हरकडे जाते की तिकडून येते) आणि १४ बिट आकाराचे असतात. टर्मिनलचे जुने क्रमांक मात्र या पद्धतीबाहेर राहिले आणि अनेक ड्रायव्हरांनीही ती पाळली नाही.

ज्युलियन सीवर्ड यांनी २००२ मध्ये वॅलग्रिंड प्रसिद्ध केले. त्यातला मेमचेक हा तपासणारा भाग प्रोग्रामच्या मेमरीतल्या प्रत्येक बिटाची वैधता, म्हणजे त्यात काही भरले आहे की नाही, हे नोंदवत जातो. पण कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत काय घडते ते त्याला दिसत नाही, म्हणून कोणता कॉल कोणती मेमरी वाचतो आणि कोणती भरतो हे सांगणारा रॅपर प्रत्येक कॉलसाठी हाताने लिहावा लागतो. आयऑक्टलच्या आज्ञा अगणित असल्याने अनोळखी क्रमांक आला की साधन त्यातल्या दिशेवर आणि आकारावर विसंबते. तेही नसेल तर इशारा देऊन पुढे जाते.

आमच्या कार्डाची आज्ञा १६ बाइटांची आहे : ८ बाइटांचा पॉइंटर (बफरचा पत्ता), ४ बाइटांची लांबी आणि ४ बाइटांत ड्रायव्हरने प्रत्यक्ष भरलेल्या बाइटांची संख्या. क्रमांकातला आकार एवढ्या १६ बाइटांचाच असतो. पॉइंटरच्या पलीकडचा ४०९६ बाइटांचा बफर त्यात कुठेच नाही आणि खोटी तक्रार नेमकी तिथेच उगवते.

यासाठी वॅलग्रिंडचा 'लॅक्स-आयऑक्टल्स' हा पर्याय पुष्कळदा सुचवला जातो. त्याने ड्रायव्हरला अर्धवट भरलेला बफर दिल्याच्या तक्रारी थांबतात, पण पॉइंटरमागचा बफर तरीही अज्ञातच राहतो, शिवाय खऱ्या चुकाही झाकल्या जातात; म्हणून मला तो पटत नाही. रॅपर लिहिणे, किंवा कॉल परतल्यावर वॅलग्रिंडच्या मॅक्रोने (प्रोग्राममध्ये लिहायच्या तयार सूचनेने) तो बफर वैध जाहीर करणे, हेच योग्य. आणि तेही पूर्ण ४०९६ बाइट नव्हे, तर ड्रायव्हरने भरल्याचे सांगितलेले तेवढेच.