नकाशात हिरवं, म्हणजे जंगल?

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक समज: "उपग्रहाच्या चित्रात डोंगर हिरवा झाला, म्हणजे जंगल परत आलं."

तसं वाटणं साहजिक आहे. पण उपग्रह पाहतो तो पानांवरून परतणारा प्रकाश. झाड कुठलं, हे नुसत्या हिरव्या रंगातून कळत नाही. देशातल्या अधिकृत मोजणीतही 1 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र 10 टक्के भरलं की ते 'वनाच्छादन' ठरतं. जात कुठली, मालकी कोणाची, हे बघत नाहीत. त्यामुळे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली काजूबागायतही त्यात येऊ शकते, डिचोली-सांग्याकडच्या खाणमातीच्या ढिगांवर लावलेली ऑस्ट्रेलियन आकेशियाही.

पडताळायचं कसं? सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. पावसाळ्यानंतरचं एक नि मार्चमधलं एक शेजारी ठेवा. माट्टी, किंदळ ही इथली रानझाडं उन्हाळ्यात पानं गाळतात, तिथला हिरवा रंग उतरतो. आकेशिया हिरवीच राहते. सदाहरित रानही हिरवंच राहतं म्हणा, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

मग प्रत्यक्ष जाऊन बघा. माट्टीची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. आकेशियाखाली कोयत्यासारख्या वाकड्या पानांचा जाड थर नि कानासारख्या वळलेल्या शेंगा. त्या थरातून माट्टीची, भिरंडीची (कोकमाची) रोपं आपोआप वर येताहेत का, ते वाकून शोधा; जंगल परततंय याची खूण तीच. नकाशा निरुपयोगी नाही हं. रोपं कुठे लावायची नि कुठे करपली, हे तोच आधी दाखवतो.