महालातली भिशी आणि शेजाऱ्यांचं गणित

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आईची बारा जणींची भिशी चालायची. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघे, लिखापढी काहीच नाही. पहिल्याच महिन्यात नंबर लागलेली बाई पुढचे हप्ते बुडवू शकली असती. एकीनेही बुडवले नाहीत. इतवारीत वडिलांनी धरलेली चाळीस जणांची भिशी मात्र नवव्या महिन्यात बसली.

दगा देण्यात फायदा असताना माणूस साथ का देतो? १९५० साली अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा पेच खेळ म्हणून मांडला: दोघांनी साथ दिली तर दोघांचीही बरी कमाई, पण समोरचा काहीही करो, दगा देणाऱ्याची कमाई जास्त. ‘कैद्यांची कोंडी’ हे नाव आल्बर्ट टकर यांचं. कोणीही कोणाशीही खेळतो असं धरलं, तर पिढ्यान्‌पिढ्यांत शेवटी दगाबाजच उरतात.

१९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी खेळाडूंना चौकटींच्या पटावर बसवलं. खेळायचं फक्त शेजाऱ्यांशी, आणि ज्याची कमाई जास्त त्याची नक्कल करायची. साथ देणारे घोळका करून तगले. मधोमध एकच दगाबाज ठेवला, तर पटावर ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या चारी बाजूंनी सारख्या नक्ष्या उमटत गेल्या.

पण हे सगळीकडे लागू पडेना. २००४ मध्ये हाउअर्ट आणि डोबेली यांनी दाखवलं, की खेळाचे नियम थोडे बदलले तर शेजारामुळे साथ उलट घटते. २००६ मध्ये ओत्सुकी, नोवाक आणि सहकाऱ्यांनी सुटसुटीत नियम दिला: मदतीचा फायदा भागिले खर्च, हा आकडा शेजाऱ्यांच्या सरासरी संख्येपेक्षा मोठा हवा. माझे शंभर रुपये गेले आणि तुमचं पाचशेचं काम झालं, तर चार शेजाऱ्यांत साथ टिकते, दहांत नाही. आईच्या भिशीत बारा जणी, पण प्रत्येकीचं रोजचं देणंघेणं दोन-तीन दारांशीच. (भिशी म्हणजे हुबेहूब हा खेळ नव्हे, हेही खरं.)

२०१२ मध्ये स्पेनमध्ये १,२२९ शाळकरी मुलांना प्रत्यक्ष खेळवलं, तेव्हा कोणाचे शेजारी किती आणि कोण, या जाळ्याच्या आकाराने काहीच फरक पडला नाही. मुलं शेजाऱ्याची कमाई बघतच नव्हती. मागच्या डावात आपल्याशी कोण कसं वागलं, एवढंच बघत होती. २०१४ च्या प्रयोगात मात्र फायदा भागिले खर्चाचा तो २००६ चा नियम पाळला गेला तिथे साथ टिकली, शेजारी कायम तेच असताना. आमच्या वाड्यातही बारापैकी नऊ बिऱ्हाडं वीस वर्षं हलली नव्हती.